किल्ल्यातल्या मावळ्यांसाठी स्वस्तातला घरगुती प्रायमर कसा करावा?

तटबंदी:
दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलांनी शाडूचे चाळीसएक मावळे केलेत, दोन-अडीच इंची. गेल्या वर्षी मातीवर थेट ॲक्रिलिक दिला, तर सगळा रंग मातीने पिऊन टाकला. तीन हात देऊनही डाग राहिले. एवढ्यांसाठी विकतचा जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा प्रायमर) परवडत नाही. घरी काही करता येईल का?

कुंचला:
नक्की येईल, मी दरवर्षी करते. दोन चमचे खडूची पावडर (हार्डवेअरवाल्याकडे व्हाइटिंग म्हणून सुटी मिळते), एक चमचा फेविकॉल, एक चमचा पांढरा ॲक्रिलिक आणि लागेल तसं पाणी. फेविकॉल आधी पाण्यात मोडून घ्या आणि पावडर चाळून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. ताकाइतकं झालं की जुन्या ओढणीतून गाळा. फेटू नका, हळू ढवळा. बुडबुडे राहिले की नेमके चेहऱ्यावर खड्डे पडतात.

शाडू कच्चा असतो, हे मात्र विसरू नका. मावळे सावलीत खडखडीत वाळू द्या. पहिला हात नुसत्या पातळ फेविकॉलचा, तोही एकदाच. ओल्या जागी पुन्हा कुंचला फिरवला तर माती सुटून येते. तो वाळल्यावर प्रायमरचे दोन पातळ हात. जाड एक हात दिलात तर मिशा आणि फेट्याच्या चुण्या बुजतात, आणि मावळ्यात बघण्यासारखं तेच तर असतं!

सह्यवेडा:
खडूऐवजी घरात उरलेलं पीओपी चालेल का?

कुंचला:
नको. पाणी लागलं की ते वाटीतच घट्ट होतं.

रंगारी:
प्लॅस्टिकच्या सैनिकांना हे मिश्रण लावू नका. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने नखाने पापुद्रा निघतो. ते भांड्याच्या साबणाने धुऊन, वाळवून गाडीच्या प्रायमरचा स्प्रे मारा, तोही गच्चीवर, मास्क लावून. मातीला मात्र कुंचलाताईंची कृती उत्तम. ओडिशात पट्टचित्रासाठी कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देतात, मेळ तोच. पण तुम्ही खळ वापरू नका, ॲक्रिलिकमधल्या पाण्याने ती पुन्हा सुटेल.

तटबंदी:
दोन मावळ्यांवर करून पाहिलं. भगवा एका हातातच बसला, मिशीही शाबूत आहे. कुंचलाताई, उरलेलं मिश्रण टिकतं का?

कुंचला:
झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस. वास आला की टाकून द्या. आणि कुंचले लगेच धुवा, एकदा वाळला की फेविकॉल केसांतून निघत नाही.