माळवद थंड, पण वजनाचं काय?

माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत, उन्हाळ्यात थंड राहतं, म्हणून तेच पुन्हा बांधा, असा सल्ला दिला जातो; तो अर्धवट आहे. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत गेलं की थर 60 सेंमीवर जातो. म्हणजे चौरस मीटरला जवळपास टनभर ओझं! 1993 ला किल्लारीच्या भूकंपात तेच लोकांच्या अंगावर आलं. खाली मातीत रचलेल्या दुहेरी दगडी भिंती, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही, मग हादऱ्यात दोन्ही बाजू सुट्या होऊन फुगतात. जुनं घर राखायचं असेल तर माती खरवडून 20 सेंमीवर आणा, मध्ये जलरोधक कापड घाला, उतार पन्हाळाकडे द्या. भिंतीत आडवं दर 1.2 मीटरला, उभं 60 सेंमीला आरपार दगड. नुसत्या गिलाव्यावर भागवू नका.