मदत हवी आहे : विशेष शाळेसाठी परदेशातून मागवलेल्या साहित्यावर करसवलत कशी मिळते?

सांगलीची_शिक्षिका :
आमच्या विशेष शाळेसाठी जर्मनीहून मागवलेली दोन खोकी मुंबईच्या विमानतळावर गेल्या मंगळवारपासून अडकली असून, तेथील अधिकाऱ्यांनी त्यांवर खेळण्यांचे शुल्क भरण्यास सांगितले आहे. दिव्यांगांच्या साहित्याला सवलत असतेच. तिचा अर्ज कोणता, एवढेच कृपया सांगावे. डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, रोज चढते आहे.

खारघरकर :
खोक्यांत काय आहे, मुले कोणत्या प्रकारची दिव्यांग आहेत आणि आयात संस्थेच्या नावाने झाली की आपल्या, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

हिशेबनीस :
प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 रुपयांची, तर तीव्र दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. पालकांना अवश्य कळवावे.

खारघरकर :
प्राप्तिकराविषयी येथे कोणीही विचारलेले नाही.

सांगलीची_शिक्षिका :
विशेष शाळा म्हटल्यावर हे कळेल असे वाटले होते. आयात संस्थेच्या नावाने आहे आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांकही आहे. एका खोक्यात अंध मुलांसाठी टेलर फ्रेम (स्पर्शाने गणित करण्याची चौकट) व ब्रेल कोनमापके आहेत, तर दुसऱ्यात स्वमग्न मुलांसाठी लाकडी जुळणीचे ठोकळे.

जुना_आयातदार :
मग ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. जीएसटीच्या दर-अधिसूचनेला दिव्यांगांच्या साधनांची जी यादी जोडलेली आहे, तिच्यात टेलर फ्रेम व ब्रेल कोनमापक यांची नावे स्पष्ट आहेत आणि अंधांसाठी खास बनवलेली अध्ययन-अध्यापन साधने व खेळही आहेत. त्यांवर आयातीच्या वेळचा आयजीएसटी 5 टक्के लागतो. स्वमग्नतेचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही. ठोकळ्यांसाठी 9023 00 10, म्हणजे अध्यापन साधने, या वर्गीकरणाचा आग्रह धरावा. परंतु ती वस्तू इतर वापरास अयोग्य असली पाहिजे, ही त्या शीर्षाची अट ठोकळ्यांच्या बाबतीत सिद्ध करणे सोपे नाही. खेळण्यांचे मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले होते, शिवाय 2021 पासून त्यांना आयएसआय चिन्हही लागते, त्यामुळे वाद केवळ दराचा नाही.

हक्कवादी :
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत व स्वमग्नता त्यांत आहे. कायदा असताना जुनी यादी कशी चालेल?

जुना_आयातदार :
आपले म्हणणे न्याय्य आहे, परंतु त्याने माल सुटणार नाही. मुंबई सीमाशुल्क आयुक्त विरुद्ध दिलीपकुमार आणि कंपनी या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सूटीच्या अधिसूचनेतील संदिग्धतेचा लाभ करदात्याला नव्हे, तर शासनाला दिला आहे.

देशीच_बरे :
ठोकळे सावंतवाडीच्या कारागिरांकडून का करून घेत नाही? लाकडी खेळण्यांत त्यांचा हात कोणी धरणार नाही.

खारघरकर :
पुढच्या वेळी जरूर. आत्ता सीमाशुल्क कायद्याच्या कलम 49 खाली माल गोदामात हलवण्याची परवानगी मागावी आणि वर्गीकरणाचा वाद मिटेपर्यंत कलम 18 खाली तात्पुरती आकारणी मागावी. दोन्ही खोक्यांच्या नोंदी बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे सीमाशुल्काकडे दिलेल्या आयातीच्या नोंदपत्रात, स्वतंत्र आहेत ना?

सांगलीची_शिक्षिका :
नाहीत. पुरवठादाराच्या बिलात दोन्ही खोकी मिळून एकच ओळ आहे आणि तिच्यात 'शैक्षणिक खेळणी' असे लिहिले आहे.

खारघरकर :
बाई, हे आपण पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते. पुरवठादाराकडून आजच वस्तुनिहाय बिल व माहितीपत्रक मागवावे आणि एजंटाला कलम 149 खाली नोंदीत दुरुस्ती मागायला सांगावे. टेलर फ्रेम त्या ओळीतून बाहेर येईपर्यंत यादी दाखवून काहीच उपयोग नाही.