वॉरफरिन चालू असताना विजयेचे तेल : मदत हवी आहे

आम्ही गुहागरला राहतो. माझ्या आईला (वय ७१) गुडघ्यांच्या दुखण्यामुळे रात्रभर झोप लागत नाही. शेक, निर्गुंडीचे तेल आणि सहा महिने व्यायाम करूनही उतार नाही, आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आहेत. आता चिपळूणच्या एका वैद्यांनी विजयेच्या, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचे तेल पोटात घेण्यास सुचवले आहे. किराणा दुकानात मिळणारे भांगबियांचे तेल कृपया सुचवू नये, कारण त्यात टीएचसी (नशा आणणारा) आणि सीबीडी (नशा न आणणारा) हे भांगेतील मुख्य घटक नाममात्रच असतात.

खरी काळजी वेगळीच आहे. आई वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेते, आणि सीबीडीमुळे यकृतात वॉरफरिनचे विघटन मंदावून आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) आणि त्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भांगेच्या जातींच्या 'इंडिका झोपेसाठी, सटायव्हा उत्साहासाठी' या विभागणीवर माझा विश्वास नाही. परिणाम ठरतो तो मुख्यतः टीएचसी आणि सीबीडी यांच्या प्रमाणावर, आणि बाटलीवर नेमके तेच छापलेले नाही. आईच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक थेंबही देणार नाही, परंतु त्यांची भेट पुढच्या आठवड्यात आहे आणि तोवर पूर्ण माहिती हाताशी असावी, असे वाटते.

ज्यांच्या घरी वॉरफरिनसोबत विजया दिली गेली, त्यांच्या डॉक्टरांनी आयएनआर किती दिवसांनी तपासला, आणि टीएचसी-सीबीडीचे प्रमाण दाखवणारा चाचणी अहवाल उत्पादकाकडून कसा मिळवला?