अनुभव धागा : वर्गातल्या तंत्रज्ञानाचं उद्दिष्ट तुम्ही कसं ठरवता?

पाटी_पेन्सिल
शाळा सुरू झाली की क्रियायोजनेत एक ओळ ठरलेली असते : 'आठवड्यातून ३ तासिका स्मार्ट क्लासचा वापर.' हे उद्दिष्ट टीव्हीचं झालं, पोरांचं नाही. वर्षाअखेरीस टीव्ही किती वेळा लागला एवढंच त्यातून कळतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहा. उद्दिष्ट कुठल्या शब्दांत मांडता, सामान काय लागतं, मोजता कसं, कुठं अडतं. आकडे द्या. 'तंत्रज्ञान ही काळाची गरज' हे वाक्य भाषणस्पर्धेसाठी राखून ठेवा.

सुरुवात मी करते. वाक्यात चार गोष्टी हव्यात : कुठली मुलं, त्यांना काय यायला हवं, कितींना, कधीपर्यंत. आपल्या शाळांत वर्षभर होणाऱ्या आकारिक चाचण्या म्हणजे एफए, सत्राअखेरच्या संकलित परीक्षा म्हणजे एसए. उदाहरणार्थ, 'एफए-२ पर्यंत पाचवीच्या २४ पैकी १८ जणांना, छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कुठला ते पट्ट्या न काढता सांगता यावं.' यात टीव्ही नाही, ॲप नाही. ते पद्धतीच्या रकान्यात. मुदत एफए-एसएला बांधायची, म्हणजे वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. पण सुरुवातीला ५ प्रश्नांची चाचणी कागदावर घ्याच. आधी कितींना येत होतं हे लिहिलेलं नसेल तर शेवटच्या १८ ला काही अर्थ नाही. आणि एका सत्रात एका विषयाला एकच उद्दिष्ट.

खडूचा_डबा
दुसरी-तिसरीसाठी सगळ्यात फायद्याचं उद्दिष्ट म्हणजे ऐकलेली संख्या अंकांत लिहिणं. 'दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत २० पैकी १७ संख्या बरोबर.' सामान : बाईंचा फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर. नेट लागत नाही.

फोनच्या रेकॉर्डरमध्ये २० संख्या बोलून ठेवायच्या. प्रत्येक संख्या दोनदा, मग ८ सेकंद थांबायचं. एक फाईल साधारण ४ मिनिटांची होते. फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद, खिडकी लावलेली. वर्गात घुमणारा आवाज रेकॉर्डमध्ये आला की 'साठ' आणि 'आठ' यांत पोरं चुकतात आणि आपण त्यांना गणितात कच्चं ठरवतो. अशा ५ फाईली करा, प्रत्येकीत क्रम वेगळा. एकच फाईल आठवडाभर लावली तर चौथ्या दिवशी क्रम पाठ झालेला असतो.

रेकॉर्डिंगच कशाला, तोंडानं सांगितलं तर? आपण नकळत अडखळणाऱ्या पोराकडे बघून सावकाश बोलतो, फळ्याकडे नजर टाकतो. यंत्र तसं करत नाही, म्हणून या आठवड्याचे गुण मागच्या आठवड्याशी ताडून बघता येतात.

गुण मोजून थांबू नका, चुकांचे तीन ढीग करा. पहिला उलटापालटीचा : सत्तेचाळीस ऐकून ७४. दुसरा 'एकोण'चा : एकोणतीस ऐकून ३९. तिसरा जवळच्या आवाजांचा : पंचावन्न आणि पंच्याऐंशी. प्रत्येक ढिगाची वेगळी फाईल करून त्याच पोरांना ऐकवायची.

घटप्रभा_काठ
खडूचा_डबा बाई, आपल्या भागात यात एक आणखी वळण आहे. कन्नडमध्ये दशक आधी बोलतात : ४७ म्हणजे नलवत्तेळु, चाळीस मग सात. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ, 'एकोण'चा घोळच नाही. ज्याच्या कानावर दोन्ही भाषा पडतात ते पोर मराठीत ७४ लिहितं तेव्हा त्याचं गणित कच्चं नसतं, ऐकलेल्या क्रमानं अंक मांडलेले असतात. एक फाईल दोन भाषांची करा : नलवत्तेळु, सत्तेचाळीस, मग ८ सेकंद. दोन आठवडे ती चालवून नंतर कन्नड काढून टाका.

महाराष्ट्रातले व्हिडिओ दाखवत असाल तर हेही लक्षात असू द्या : २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीतही आली. त्यानंतरच्या काही व्हिडिओंत ती ऐकू येते. पोरांना अचानक 'साठ सात' ऐकू आलं तर गोंधळ नको, आधी सांगून ठेवा. खरं तर कन्नड येणाऱ्यांना ती रीत सोपीच वाटते.

तिसरा_बाक
टीव्हीबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंटीमीटर. वाचायचा मजकूर असेल तर उंचीच्या सहापटीपर्यंतच बसवायचं, म्हणजे ३.२ मीटर. ५५ इंचीला ४.१ मीटर. २० फुटी खोलीत शेवटचा बाक सहा मीटरवर असतो. त्या बाकाला चित्र दिसतं, अक्षर दिसत नाही. म्हणजे 'टीव्हीवरचा उतारा वाचता येणे' हे उद्दिष्ट ४३ इंचीवर पूर्ण वर्गासाठी लिहिणंच चूक. एक तर बाकं सरकवून सगळ्यांना पुढच्या १० फुटांत जमिनीवर बसवा, नाही तर टीव्ही फक्त चित्राला आणि वाचन पुस्तकात.

पडद्यावर सहा-सात ओळींच्या वर नको. मराठीला वर वेलांटी, खाली उकार. ओळींत दीडपट अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वाराला भिडतो. तपासणी सोपी : 'ज्ञ', 'द्ध', 'रू-रु' लिहून मागच्या बाकावर आपणच जाऊन बसायचं.

प्रोजेक्टर असेल तर थ्रो रेशो बघा, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ असेल तर १.८ मीटर रुंद चित्राला २.७ मीटर अंतर लागतं. खिडक्या उघड्या ठेवून बघायचं तर ३००० ल्युमेनच्या (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) खाली काही दिसत नाही.

लाईट_आली_का
उद्दिष्टात तासिका लिहिण्याआधी लाईटचा हिशोब करा. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची, त्यात इन्व्हर्टरची घट धरायची, हातात उरतात ७२० च्या आसपास. टीव्ही ८० आणि लॅपटॉप ५० वॅट धरले तर साडेपाच तास. दिव्याचा प्रोजेक्टर २८० वॅट, वर लॅपटॉप, म्हणजे जेमतेम दोन तास. आणि त्याच इन्व्हर्टरवर ऑफिसचा पंखा असतोच.

साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रोजेक्टरला काही मिनिटंच पुरतो, पण त्या मिनिटांची किंमत आहे. लाईट गेल्यावर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा २-३ मिनिटं फिरायला हवा. तो एकदम थांबला की आतली उष्णता तिथंच राहते आणि दिव्याचं आयुष्य घटतं. यूपीएस त्यासाठी, तास पुरा करण्यासाठी नव्हे.

लॅबमध्ये सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते 'असंच असतं' नव्हे, अर्थिंग गेलंय. एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमनला दाखवेपर्यंत पोरांना लॅबमध्ये सोडू नका.

कणकुंबी_पाऊस
खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, जून ते सप्टेंबर हे वेगळंच वर्ष समजा. यंत्रावर अवलंबून असलेलं उद्दिष्ट पहिल्या सत्रात लिहूच नका, एसए-१ नंतर लिहा. पावसाळ्यात प्रोजेक्टर वापरात नसला तरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवायचा, आतला ओलावा जातो. न चालवलेल्या यंत्राच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती पुसून जात नाही. वर प्लास्टिक घालू नका, आत दमट हवा कोंडते. जुनं सुती धोतर उत्तम. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर बऱ्या, कधी बदलायच्या ते कळतं.

नेट नाही असंच धरून चाला. ४८० पीचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी खातो. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर वर्गात थेट लावला तर संध्याकाळची माहिती भरायला काही उरत नाही. घरून उतरवून पेनड्राईव्हवर न्यायचं.

पाटी_पेन्सिल
पेनड्राईव्हचं कुणीतरी नीट लिहा, तो टीव्हीला लावल्यावर 'फाईल सपोर्ट होत नाही' हेच जास्त वेळा दिसतं.

तिसरा_बाक
तीन कारणं. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये (फॉरमॅटचा जुना प्रकार) असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर बसतच नाही. व्हिडिओ एमपी४ असला तरी आतलं कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, एच.२६४ हवं, एचईव्हीसी जुन्या टीव्हीला वाचता येत नाही. आणि फाईलचं नाव मराठीत दिलं तर काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात. नाव इंग्रजी अक्षरांत द्या : इयत्ता, विषय, क्रमांक. वहीत त्याची यादी ठेवा.

मजकूर निवडताना इयत्तेच्या आकड्यावर जाऊ नका. महाराष्ट्राचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक शिवछत्रपतींवर आहे, इकडचा क्रम वेगळा. घटकाच्या नावानं शोधा. सरकारी दीक्षा ॲपमध्ये बोर्ड आणि माध्यम दोन्ही नीट निवडा, आणि पुस्तकातला कोड स्कॅन केल्यावर उघडणारा मजकूर कुठल्या भाषेत आहे ते वर्गाआधी घरी बघा.

क्ष_म्हणजे_शिफ्ट_सात
आठवीच्या कॉम्प्युटर तासासाठी माझं मत ठाम आहे : इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, शिकवा. एका दगडात दोन लिप्या! ज्या बटणावर मराठी क त्याच बटणावर कन्नड क. 'के' दाबलं की क, शिफ्ट धरून ख. 'जे' वर र, 'एच' वर प, 'डी' वर हलन्त (पाय मोडायची खूण). विंडोज-बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलायची, बोटं तिथंच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ जास्तीचे, तेवढेच वेगळे शिकवावे लागतात.

उद्दिष्ट : 'एफए-४ पर्यंत मुख्याध्यापकांना ६० शब्दांचा रजेचा अर्ज १० मिनिटांत मराठीत, ५ पेक्षा कमी चुकांसह.' पहिले दोन आठवडे फक्त स्वर आणि मधली ओळ. तिसऱ्यात जोडाक्षरं. क्ष, त्र, ज्ञ, श्र यांना शिफ्टसह ७, ६, ५, ८ आहेत, ते पोरं एका दिवसात उचलतात. अडतं ते 'दुसऱ्या', 'तऱ्हा' इथं. 'र' मग हलन्त मग 'या' दाबलं की रफार वर जातो आणि 'दुसर्या' उमटतं. तिथं शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग य ('तऱ्हा'त ह). हे फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवा. दोन पोरांना एक मशीन असेल तर घड्याळ लावून १०-१० मिनिटं. नाही तर धीट पोर टायपिंग करतं आणि दुसरं माऊस धरून बसतं.

जुने नमुने कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत असतील तर दुसऱ्या मशीनवर अगम्य अक्षरं दिसतात. फाईल बिघडलेली नसते, फाँट नसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार नि वेलांट्या डोळ्यांनी तपासा.

घटप्रभा_काठ
परिपत्रकं, प्रशिक्षणाचे मॉड्यूल कन्नडमध्ये येतात. फोनच्या कॅमेऱ्यानं मराठी करून वाचता येतं. पण सारख्या दिसणाऱ्या शब्दांना जपा. कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी. 'अनुमान' बोलण्यात शंका या अर्थानं येतं, आपल्या विज्ञानाच्या वहीत ते निष्कर्षाच्या जवळचं. भाषांतर यंत्राचं असलं तरी सही आपली असते.

शून्य_दशांश_चार_पाच
दहावीचा विद्युत घटक. फेट या मोफत विज्ञान-सिम्युलेशनांतली (पडद्यावरचे प्रयोग) डीसी मंडलाची फाईल उतरवून घेतली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. उद्दिष्ट 'सिम्युलेशन दाखवणे' नको. 'आकृती बघून धारा वाढेल की कमी होईल हे आधी सांगता येणे' हवं.

क्रम महत्त्वाचा. ३ मिनिटं पेन्सिलनं अंदाज वहीत, मग पडद्यावर. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन रोधक : एकसरीत ०.४५ अँपिअर, समांतरात १.८. पोरांना आधी समांतरात धारा कमी वाटते, कारण 'वाटली जाते' असं डोक्यात असतं. अंदाज लिहून घेतलेला नसेल तर उत्तर दिसल्यावर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात.

नंतर खरे सेल आणि दिवे. इथं आकडे जुळत नाहीत : सेलला आतला रोध असतो, वायरीची टोकं गंजलेली, होल्डर ढिला. टोकं सँडपेपरनं घासून घ्या. आणि का जुळलं नाही यावर १० मिनिटं द्या, खरं विज्ञान तिथंच आहे.

खडूचा_डबा
झटपट तपासणीला प्लिकर्स ॲपची छापील कार्डं चांगली : पोर कार्ड फिरवून उत्तर दाखवतं, फोनचा कॅमेरा ते वाचतो, पोरांकडे काही नको, फोन फक्त बाईंकडे. पण वर्गात नेट हवं. लॅमिनेशन चकचकीत केलं तर खिडकीचा उजेड परततो आणि कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही, मॅट करा. बोटं कोडावर येऊ देऊ नका. नेट नसेल तर कागदाच्या चार घड्या, चार रंग, हनुवटीखाली धरायचा, एक फोटो काढून नंतर मोजायचं. तो फोटो मोजून झाला की पुसायचा, शाळेच्या ग्रुपवर टाकायचा नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे.

कणकुंबी_पाऊस
एका खोलीत दोन-तीन वर्ग असतील तर? आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांवर तसंच आहे.

पाटी_पेन्सिल
मग उद्दिष्ट वर्गाचं नव्हे, गटाचं लिहा. दुसरीचे ५ जण कोपऱ्यात रेकॉर्डवर संख्या लिहितात, तेवढ्यात तुम्ही चौथीला भागाकार शिकवता. स्पीकर नको, हेडफोन आणि ५ तोंडांचा स्प्लिटर. पाच हेडफोनांत आवाज वाटला जाऊन बारीक होतो, म्हणून रेकॉर्ड करतानाच मोठ्यानं बोला. फाईल १० मिनिटांच्या वर नको. संपल्यावर पोरं उठून तुमच्याकडे येतात. फाईलच्या शेवटी आपल्याच आवाजात एक वाक्य ठेवा : 'आता वही शेजारच्याला द्या आणि तपासा.' बरोबर उत्तरांचा कागद पालथा घालून खिडकीत ठेवायचा.