मदत हवी आहे: फ्लोरिडातल्या टॅक्स डीड लिलावातून उरलेले पैसे

नमस्कार मंडळी. माझा मामा फ्लोरिडात वारला. त्याच्या रिकाम्या प्लॉटचा प्रॉपर्टी टॅक्स थकला होता, आम्हाला इथे सांगलीत पत्ताच नाही! काउंटीने (तिथलं जिल्हा प्रशासन) प्लॉट टॅक्स डीडच्या, म्हणजे थकलेल्या करापोटीच्या, लिलावात विकला. थकबाकी वळती करून उरलेले डॉलर क्लार्क ऑफ कोर्टकडे (कोर्टाच्या नोंदी, पैसे सांभाळणारा अधिकारी) जमा आहेत. बोजेवाल्यांना (प्लॉटवर ज्यांचं कर्ज किंवा देणं आहे त्यांना) दाव्यासाठी नोटिशीपासून 120 दिवस मिळतात, एवढं वाचलं. पण मूळ मालकच हयात नसेल तर वारसांना तिथे प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची कोर्टातली प्रक्रिया) करावंच लागतं का? इथलं वारस प्रमाणपत्र चालेल?

एक एजंट हे पैसे काढून द्यायला त्यातले 30 टक्के मागतोय. दावा आपला आपण करता येतो म्हणे, मग त्याला कशाला द्यायचे? (मामा चहाचे पैसेसुद्धा मोजून द्यायचा.) भारतात बसून नोटरी, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून कुणी हे निभावलंय का?