मराठी भाषा दिनाच्या फलकांवर सीमाभागातली कोणती माणसं घ्यावीत?

खानापूरच्या बाई

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलमध्ये आठवी-नववीला मराठी शिकवते. 27 फेब्रुवारीला आम्ही दरवर्षी ज्ञानेश्वर, तुकाराम, कुसुमाग्रज यांचे फलक लावतो. ते राहणारच. यंदा त्यांच्या जोडीला बेळगाव, खानापूर, निपाणी, धारवाड या आपल्या पट्ट्यात राहिलेली माणसं हवीत: भाषेचा अभ्यास केलेली, किंवा दोन-तीन भाषांत वावरून लिहिलेली.

कारण सांगते. एका वक्तृत्व स्पर्धेत माझी नववीतली मुलगी बोलण्याच्या ओघात "मी काल बेळगावला गेलो होतो" म्हणाली. परीक्षक बाहेरून आलेले. माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "तू मुलगा आहेस का? आधी मराठी शीक." ती खाली बसली आणि त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलली नाही. तिची आई, आजी, गल्लीतल्या सगळ्या बायका असंच बोलतात. मीही वर्गात "गेले" म्हणते आणि घरी "गेलो".

नुसते जन्म-मृत्यूचे सन नकोत. चौदा वर्षांच्या पोरीनं फलकासमोर थांबून वाचावं असं काहीतरी सांगा.

सांगलीवाला

बाई, भाषाविज्ञानात एमए करतोय, म्हणून आधी त्या मुलीबद्दल लिहितो.

कन्नडात "मी आलो" आणि "मी आले" असा भेद नाहीच. बाप "ना बंदे" म्हणतो, आईही "ना बंदे"च म्हणते. पण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना फरक येतो: तो "बंदनु", ती "बंदळु". आता आपल्याकडच्या बायकांचं बोलणं नीट ऐका. स्वतःबद्दल "मी गेलो" म्हणतील, पण शेजारणीबद्दल "ती गेली"च म्हणतील. "ती गेला" असं तुमच्या आजीच्या तोंडून कधी आलंय का? म्हणजे लिंग कळत नाही असं मुळीच नाही. कुठं दाखवायचं आणि कुठं नाही याचा पक्का नियम आहे, आणि तो पिढ्यान् पिढ्या कन्नड शेजारात राहून मुरलाय असं माझं ठाम मत आहे. तो परीक्षक नियमालाच चूक म्हणाला.

या विषयासाठी फलकावर पहिलं नाव घाला जॉन गम्पर्झ यांचं. जन्म 1922, जर्मनीतलं हॅटिंगेन. ज्यू कुटुंब, नाझींच्या काळात देश सोडावा लागला. अमेरिकेत आधी रसायनशास्त्र शिकले, मग भाषेकडे वळले. पीएच.डी. कशावर? मिशिगनमध्ये येऊन राहिलेल्या जर्मन लोकांच्या बोलीवर. आपलं गाव सोडून आलेली माणसं कशी बोलतात हे ते आधीपासून ऐकत होते.

पुढं ते आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडला पोचले. तेव्हा ते तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित वस्तीत मराठी. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्यांनी 1971 साली जो लेख छापला तो आजही जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत वाचला जातो. त्यांना आढळलं ते असं: शब्द तिन्ही भाषांचे वेगळे राहिलेत, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एकच झालीय. "पाला जरा कापून घेऊन आलो" हे वाक्य कुपवाडच्या कन्नडात आणि उर्दूत तुकड्याला तुकडा लावून, त्याच क्रमानं होतं. कारणही त्यांनी दिलंय. घरात ज्याची त्याची भाषा जपायची, जातीची ओळख तीच. पण शेतात, बाजारात दिवसभर शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. दोन्ही गोष्टी शेकडो वर्षं एकाच वेळी चालल्या आणि व्याकरणं एकमेकांत मिसळली.

बेळगुंदी रोड

काका कालेलकर विसरू नका. जन्म साताऱ्याचा, पण घराण्याचा संबंध आपल्या बेळगुंदीशी, आणि 1910 च्या सुमारास बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक होते. मराठी माणूस, पण पुढं गुजराती असं लिहिलं की गांधीजी त्यांना "सवाई गुजराती" म्हणायचे. साहित्य अकादमीचा पुरस्कारही 1965 ला गुजराती पुस्तकालाच मिळाला.

शहापूरचा वाचक

बाई, माझं सगळं आयुष्य शहापुरात गेलं आणि वाचनाचं वेड बेळगावातल्या वाचनालयांनी लावलं. मी तीन नावं सांगतो.

ए. के. रामानुजन. म्हैसूरचे, घरात तमिळ, रस्त्यावर कन्नड, वडील गणिताचे प्राध्यापक. 1950 च्या दशकात ते आपल्या बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्याच काळात त्यांनी या भागातल्या कन्नड लोककथा गोळा केल्या, बायका घरात मुलांना सांगतात त्या. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले, तिथून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ. 1963 ची त्यांची पीएच.डी. कन्नडच्या व्याकरणावर आहे. मग शिकागोत आयुष्यभर शिकवलं, आणि बसवण्णा, अक्कमहादेवी या कन्नड संतांची वचनं इंग्रजीत नेली. तुमच्या मुलांना हे सांगा: कॉलेजातला तरुण मास्तर, कथा मागायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जातो. ज्या गोष्टींना गावात कुणी साहित्य म्हणत नव्हतं, त्या त्यानं जगाच्या अभ्यासात नेऊन ठेवल्या.

दुसरे प्रकाश नारायण संत. जन्म 1937, बेळगाव. इंदिरा संतांचे चिरंजीव, पण आजोळी दत्तक गेल्यामुळं कागदोपत्री भालचंद्र दीक्षित. कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. म्हणजे दिवसभर खडक, आणि लिहायला बसले की लंपन, त्यांच्या कथांमधला तो शाळकरी मुलगा! "वनवास", "शारदा संगीत", "पंखा", "झुंबर" ही चारही पुस्तकं नववीच्या मुलांना झेपतील. कन्नड मुलखाला लागून असलेलं गाव, आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा, आणि घरातलं, गल्लीतलं बोलणं जसंच्या तसं, कन्नड शब्दांसकट. मी "वनवास" पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे आमच्याच गल्लीतलं कुणीतरी बोलतंय असं वाटून मोठ्यानं वाचायला लागलो. घरातली सगळी येऊन बसली. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती भाषा डोक्यावर घेतली, बाई. त्या परीक्षकाला हेच एक पुस्तक पुरेसं होतं.

तिसरे जी. ए. कुलकर्णी. बेळगावात वाढले, नोकरी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. त्यांच्या कथा शाळेत थोड्या जड जातील. पण त्यांचं भाषांतराचं काम मुलांना दाखवण्याजोगं आहे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या, ओहायोच्या जंगलात झाडं तोडून वस्ती करणाऱ्या कुटुंबाच्या. जीएंनी त्यांना नावं दिली "रान", "शिवार", "गाव". आधी नुसतं रान, मग पीक, मग वस्ती. खानापूरच्या रानाकडेच्या मुलांना हा क्रम समजावून सांगायची गरज नाही.

इंदिरा संतांवर फलक होणारच म्हणून जास्त लिहीत नाही. पण मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी आयुष्य काढलं हे जरूर लिहा. आपल्या भागातल्या कितीतरी शिक्षिका त्यांच्या हाताखालून गेल्या.

निपाणी 591237

सगळं बरोबर आहे, पण एक विचारतो. रामानुजन कन्नडचे. उद्या कुणी धारवाडचे कवी बेंद्रे सुचवेल, तेही कन्नडचे. मराठी भाषा दिनाला ही नावं कशाला? इथं मराठी पाटीसाठी भांडावं लागतं. मग कुणी म्हणेल, बघा, हा भाग कन्नडच आहे हे तुमच्या शाळेनंच मान्य केलं.

धारवाडची सून

निपाणीकर दादा, तुमची चिंता खरी आहे. माझं माहेर बेळगावात टिळकवाडी, सासर धारवाड, दोन्हीकडचं ऐकत आलेय. पण बेंद्रे सोडू नका. द. रा. बेंद्रे, 1973 चे ज्ञानपीठ विजेते, त्यांच्या घरची भाषा मराठी होती. 1944 ते 1956 सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात शिकवत होते, मराठीतही लिहिलं. कविता मात्र धारवाडच्या रस्त्यावरच्या कन्नडात, पुस्तकी कन्नडात नाही. मराठी घरात वाढलेला माणूस शेजारच्या बोलीचा एवढा मोठा कवी झाला, तर यात मराठीचं काय गेलं? पाटीचं भांडण वेगळं, ते नेटानं भांडू. पण बेंद्र्यांना परकं म्हणून बाहेर ठेवलं तर आपल्याच घरातला माणूस गमावू.

आणि उमा कुलकर्णी घ्या, जन्म बेळगावचा. त्यांच्या कामाची रीत मुलांना फार आवडेल. कन्नड कानाला सरावाचं, पण लिपी तितकी हातात नव्हती. म्हणून पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे, आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या "वंशवृक्ष"च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, 1989 ला. विरुपाक्ष उलट दिशेनं, मराठीतून कन्नडात अनुवाद करायचे.

खानापूरच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नववीला सांगलीवाल्या दादांचं "ती गेली, मी गेलो" फळ्यावर लिहून दाखवलं. वर्ग घरच्या बोलण्यातली उदाहरणं ओरडून सांगायला लागला. ती मुलगीही बोलली. गम्पर्झांचा फलक तीच करणार आहे, वाक्य तीन भाषांत लिहून. उर्दूसाठी शेजारच्या वर्गातली मैत्रीण घेतलीय, कन्नड आमचे कन्नडचे सर तपासून देतील.

निपाणीकर दादा, बेंद्रे घेते. वरती मोठ्या अक्षरात "घरची भाषा मराठी" लिहिते, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही.

"वनवास" शाळेत आहे. "पंखा" आणि "झुंबर" नाहीत. खानापूर स्टँडपर्यंत कुणी पोचवणार असेल तर मी येऊन घेईन आणि मार्चअखेर परत करीन.