पहिली एसआयपी अमेरिकेत लावा म्हणणाऱ्यांना अमळनेरहून उत्तर

बोरीकाठ (अमळनेर)
परवा इथे भुसावळच्या एका तरुणाने लिहिलं, की नोकरीला लागलेल्या पोरांनी पहिली एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, सरळ नॅस्डॅक-१०० या अमेरिकी निर्देशांकाच्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेणाऱ्या फंडात) लावावी. निफ्टी, म्हणजे आपल्या देशी बाजाराचा निर्देशांक, म्हणे म्हाताऱ्यांची सोय, आणि रुपया घसरतच असतो, म्हणजे डॉलरमधला पैसा रुपयात वाढतोच, तोट्याचा प्रश्नच नाही. खाली पोरांची रांग लागली, "दादा, फंडाचं नाव सांगा." मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्या रांगेत माझेच विद्यार्थी दिसले, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या भाचीने जानेवारी २०२२ मध्ये असंच ऐकून महिना पाच हजार लावले. त्या वर्षी नॅस्डॅक-१०० डॉलरमध्ये जवळपास एक तृतीयांश पडला. रुपया ७४ वरून ८३ च्या घरात गेला, म्हणून आपल्याकडे घाव थोडा हलका बसला, एवढंच. त्यात फेब्रुवारीत सगळ्या फंड कंपन्यांची मिळून असलेली सात अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली आणि सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) परदेशी शेअरमधली नवी गुंतवणूक थांबवायला लावली. तिच्या फंडानेही पैसे घेणं बंद केलं. म्हणजे माल स्वस्त व्हायला लागला तेव्हाच दुकानाला कुलूप. डिसेंबरात तिने सगळं काढून घेतलं. पुढच्या डिसेंबरात निर्देशांक जुन्या शिखराच्या वर होता. भाची आज मुदतठेवीशिवाय कशाला हात लावत नाही.

कराचंही कोणी सांगत नाही. एप्रिल २०२३ पासून दोन वर्षं या फंडांतल्या नव्या गुंतवणुकीचा नफा, कितीही काळ धरून ठेवा, उत्पन्नात मिळवून स्लॅबने कर होता. एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांवर ठेवलं तर साडेबारा टक्के. पण देशी इक्विटीला वर्षाला सव्वा लाखाची सूट आहे, ती इथे नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, मग निफ्टीचा साधा फंड, एक मोठी पडझड डोळ्यांनी पाहा, मग शंभरातले दहा-पंधरा रुपये बाहेर.

भुसावळ जंक्शन
सर, ती पोस्ट माझीच. "म्हातारे" हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

आमच्या घराचा हिशोब मांडतो. वडील रेल्वेत, पेन्शन रुपयात. घर भुसावळला, तीन एकर यावलला. विमा, पीएफ, सगळं एकाच देशात, एकाच चलनात. जगातल्या शेअर बाजारांच्या एकूण किमतीत भारताचा वाटा शेकडा चारच्या आसपास. उरलेल्या शहाण्णवकडे पाठ फिरवायला तुम्ही नवशिक्याला सांगता आणि त्याला सुरक्षित म्हणता? २०१४ ला मी नोकरीला लागलो तेव्हा डॉलर साठ रुपयांना होता. आता पुतण्या एमएसला निघालाय, डॉलर ८५ च्या वर. फी रुपयात भरता येत नाही, सर.

आणि पडझडीचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये निफ्टीच दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. भाचीने पैसे काढले तो दोष फंडाचा नाही. तिला ते काढायला कोणी सांगितलं, हे तुम्ही लिहिलं नाही.

तापीचं पाणी (चोपडा)
डॉलर नि न्यूयॉर्क आम्हाला नका शिकवू भाऊ. आमचा कापूस न्यूयॉर्कच्या वायद्याकडे बघूनच हलतो. २०२२ ला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव पाहिला, पुढच्या हंगामात त्याच आशेने घरात गंजी लावून बसलो आणि शेवटी सात-साडेसात हजारांना विकला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हा आमच्या शेतात बोंडं धरत होती. माझी कमाई आधीच जगाच्या बाजारावर टांगलेली आहे, बचत तरी जवळ राहू द्या. मनी माय म्हने, पैसा डोयासमोर ऱ्हावाले जोयजे.

पारोळा नाका
चोपडेकर, तुमचं दुःख खरं, पण ते हमीभावाच्या धाग्यावर मांडा.

मला नवल वाटतं ते बोरीकाठ सरांचं. अमळनेरच्या माणसाने शेअरची भीती घालावी? १९४५ साली ज्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली, त्या गावात शेअर न विकता ठेवणारी घरं कुठे पोचली ते सगळ्या खान्देशाला माहीत आहे. त्यांनी कुठे आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढला होता? धरून ठेवलं, बस.

बोरीकाठ (अमळनेर)
हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी चीड येते. बाहेरच्यांना वाटतं अमळनेरला दारोदारी कोट्यधीश आहेत. आमच्या वडिलांकडेही शेअर होते. १९८६ ला मोठ्या बहिणीचं लग्न निघालं, दुष्काळाचं वर्ष होतं, विहिरीला पाणी नव्हतं. सगळे विकले. वडील वारेपर्यंत त्यावर एक शब्द बोलले नाहीत. धरून ठेवायला घरात आधी दाणे लागतात, पारोळेकर. बाजूला काढलेल्या पैशाबद्दल मी लिहितो ते याच्यासाठी.

साने गुरुजी पुतळा
मीही अमळनेरचा. आमच्या आजीने ठेवले, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी होते. बोनस शेअरची पत्रं यायची, तीही पेटीत. त्या पैशातून दोन काकांची घरं झाली. पण यात शहाणपण कुठलं? त्याच काळात गावोगावच्या सूतगिरण्यांचे शेअर घेतलेल्यांच्या पेटीतही कागद होते, त्यांची रद्दी झाली. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

पारोळा नाका
म्हणूनच तर इंडेक्स घ्या म्हणतात ना! एक विप्रो ओळखायची गरज नाही.

साने गुरुजी पुतळा
मग नॅस्डॅक-१०० तरी का? वरच्या दहा कंपन्यांतच जवळपास अर्धं वजन आहे. मार्च २००० च्या शिखराला नॅस्डॅक कंपोझिट, म्हणजे त्या बाजारातल्या सगळ्या शेअरांचा निर्देशांक, पुन्हा पोचला तो २०१५ मध्ये. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या शिखराच्या वर गेला फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. आणि विप्रो, इन्फोसिस, टीसीएस कमावतात कुठून? बरंचसं अमेरिकेतूनच. निफ्टीत थोडा डॉलर आधीच आहे.

भुसावळ जंक्शन
जपानचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! जपानी माणसाने सगळं जपानातच ठेवलं म्हणून तो बुडाला. उद्या भारताचं तसं झालं तर तुम्ही कुठल्या तोंडाने पोरांसमोर उभे राहाल? विप्रोची रडगाणी बंद करा आणि मुद्द्यावर या.

बोरीकाठ (अमळनेर)
माझ्या वडिलांच्या गोष्टीला रडगाणं म्हणू नका. वयाने लहान आहात म्हणून एवढ्यावर थांबतो.

सुवर्णनगरी (जळगाव)
दोघांनीही आवाज खाली घ्या. आईच्या नावाचे पावणेदोन लाख एका पतसंस्थेत अडकले. चेअरमन ओळखीचे, शाखा गल्लीत, पैसा अगदी डोळ्यांसमोर होता, चोपडेकर भाऊ. तरी गेला. आई अकरा वर्षं पावती उशाशी घेऊन झोपली. तेव्हापासून मी सोनं घेते, आणि सोन्याचा भाव डॉलरवरच ठरतो हे मला सराफाने सांगितलं, कुठल्या फंडवाल्याने नाही. म्हणजे भुसावळकर, आमच्या घरात तुमचा डॉलर आधीपासून आहे.

मला एकच सांगा. मुलाने शेअर बाजारातून अमेरिकेचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड, घेतला. युनिटची एनएव्ही (आतल्या शेअरांवरून निघणारी खरी किंमत) एक आणि त्याने दिलेला भाव त्याहून बारा टक्के जास्त. हे काय आहे?

भुसावळ जंक्शन
ताई, तो प्रीमियम. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे फंडाला नवे युनिट काढता येत नाहीत, मागणी मात्र वाढते, म्हणून बाजारात भाव फुगतो. उद्या मर्यादा वाढली तर निर्देशांक जागेवर असूनही ते बारा टक्के जातील. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आज दुरुस्त करतो: एनएव्ही न बघता ईटीएफ घेऊ नका. "पहिली एसआयपी" हे शब्दही काढतो, "पहिल्या वर्षापासून वीस टक्के" करतो. दहा नाही. वीस.

बोरीकाठ (अमळनेर)
वीस मला मान्य नाही. पण जपानच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे लिहून ठेवतो.

तुम्ही विचारलं होतं, भाचीला पैसे काढायला कोणी सांगितलं. मी सांगितलं. डिसेंबरात ती रडत फोनवर होती आणि मी म्हणालो, काढून टाक, डोक्याला ताप नको. आज तिला हा धागा पाठवलाय. फंड तिला विचारूनच निवडायचा, एवढं तिने कबूल करून घेतलं आहे.